पाहुण्याला आधी पाणी

गेल्या महिन्यात मोबाईलवर एक मेसेज आला. आमच्याकडच्या मुक्कामाचा आपला अनुभव कसा होता, पाचपैकी किती तारे द्याल, अशी विचारणा होती. पाठवणारं हॉटेल नदीकाठच्या एका जुन्या गावात आहे. गावाचं आणि हॉटेलचं नाव इथं घेत नाही. जुना वाडा दुरुस्त करून त्याचं बुटीक हॉटेल केलं आहे. दहा-बारा खोल्या, सागवानी खांब, खिडकीतून दिसणारा घाट. आम्ही तिथं राहिलोच नव्हतो, पण मेसेज पाठवणाऱ्या यंत्राला ते कुठून कळणार?

झालं होतं असं. अम्मींना भरलेली नदी बघायची होती. लातूरच्या माणसाला नदीचं अप्रूप फार. आमची मांजरा शहरापासून लांब, आणि वर्षातले किती महिने तिला नदी म्हणायचं हा प्रश्नच असतो. मी फोनवरूनच खोली ठरवली, पैसे भरले. पोहोचलो तेव्हा काउंटरवरच्या मुलानं अदबीनं बसवलं, कोकम सरबत आणून दिलं. मग आधारकार्ड मागितलं. माझं बघितलं, अम्मींचं बघितलं आणि आत गेला. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, "सॉरी सर, सिस्टीममध्ये डबल बुकिंग झालंय. पैसे परत येतील." अम्मींचा सरबताचा ग्लास अजून अर्धा भरलेला होता. अंगणात एकच गाडी उभी होती.

खरंच डबल बुकिंग झालं असेल. या गोष्टीची हीच तर अडचण आहे. भाड्याचं घर शोधताना, खोली घेताना आपल्यापैकी अनेकांनी हे अनुभवलं असेल. समोरचा माणूस उद्धट नसतो, कारण पटण्यासारखं असतं आणि तुमच्या हातात पुरावा काहीच नसतो. भांडावं कशावरून? मी भांडलो नाही. पण तो मेसेज आल्यापासून डोक्यात एकच विषय घोळतोय. आपल्या मुलखात परका माणूस दारात आला की त्याचं काय व्हायचं? त्याला पहिला प्रश्न कोणता विचारायचे? इतिहासात शिरलो तर उत्तरं सरळ मिळाली नाहीत, म्हणून हा लेख.

पाहुण्यांनी अभिप्राय लिहिण्याची रीत मोबाईलनं आणलेली नाही. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या व्यापारासाठी हिंदुस्थानात पुन्हा पुन्हा आलेल्या टॅव्हर्नियर या फ्रेंच व्यापाऱ्यानं आपला प्रवासग्रंथ 1676 साली पॅरिसमध्ये छापला. सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा रस्ता त्यात मुक्कामानिशी दिला आहे. तो रस्ता दौलताबाद, औरंगाबाद करत आपल्या नांदेडवरून जातो. आमच्या गोदाकाठच्या या शहराबद्दल त्याला काय लिहावंसं वाटलं? घाट नाही, बाजार नाही. इथं नदी ओलांडावी लागते, दर गाडीमागं चार रुपये मोजावे लागतात आणि वर हाकिमाचा लेखी परवाना घ्यावा लागतो, एवढंच. ही नदी पुढं गंगेला मिळते असंही त्यानं ठोकून दिलंय. बहुधा कुणीतरी त्याला 'गंगा' म्हणून सांगितलं असणार. गोदाकाठचे लोक आजही गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यात त्या बिचाऱ्याचा घोळ झाला.

चार रुपये म्हणजे किती, याचं मापही त्याच्याच ग्रंथात सापडतं. वाटेत सोबतीला घेतलेल्या शिपायाचा महिन्याचा पगार तो चार रुपये सांगतो. म्हणजे एक बैलगाडी नदीपार करायला एका माणसाचा महिन्याचा पगार! आजच्या भाषेत हा एक ताऱ्याचा अभिप्राय. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. परवाना त्याच्याकडेही मागितला गेला. सत्तेला दारातल्या माणसाची ओळख लागतेच, ती आधारकार्डानंतर लागायला लागली असं नाही.

टॅव्हर्नियरचा ग्रंथ छापला गेला त्यानंतर तीसेक वर्षांनी, 1708 साली, त्याच नांदेडला असा एक पाहुणा आला की त्यानं शहराचं नशीबच पालटलं. औरंगजेबानंतर तख्तावर आलेला बहादुरशाह आपल्या भावाशी, कामबक्षाशी, लढायला हैदराबादकडं निघाला होता. त्याच्या लष्करासोबत गुरू गोविंदसिंह दख्खनेत आले आणि गोदाकाठी थांबले. नदीकाठच्या मठात राहणारा माधोदास बैरागी इथंच त्यांचा शिष्य झाला आणि बंदासिंह बहादूर म्हणून पंजाबात गेला. गुरूंवर इथंच हल्ला झाला आणि त्याच जखमेनं ऑक्टोबर 1708 मध्ये त्यांचा अंत झाला. हल्लेखोर पठाण होते. सरहिंदच्या वजीरखानानं त्यांना पाठवलं होतं, असं शीख परंपरा सांगते. जखम शिवायला बादशहानं आपला जर्राह पाठवला, असंही तीच परंपरा सांगते. यातली एकच गोष्ट उचलून शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटक बसवता येतं. दोन्ही एकत्र घेतल्या तर इतिहास हाती लागतो, आणि तो जास्त अवघड असतो.

पुढं 1832 ते 1837 या काळात महाराजा रणजितसिंहांनी तिथं सचखंड गुरुद्वारा बांधवला. मुलूख निजामाचा, पैसा लाहोरचा, आणि हैदराबादच्या कारभारात तेव्हा वजन होतं चंदुलाल या नानकपंथी खत्री पेशकाराचं. तेव्हापासून नांदेड हे पाहुण्यांचं शहर झालं. नगीना घाटाकडं कधी गेलात तर लंगरमध्ये बसून बघा. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा गेलो होतो. पंगतीत बसलो, समोर थाळा आला, दाल आली, दोन्ही हात पुढं केले तेव्हा रोटी हातावर पडली. नाव कुणीच विचारलं नाही. वाढणाऱ्यानं एकच शब्द विचारला: "और?" यात्री निवासात खोली घ्यायची तर तिथंही रजिस्टर आहे, ओळखपत्र लागतं. पण जेवायला लागत नाही, आणि हा फरक लहान नाही.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा पंजाबातून आलेले साडेतीन-चार हजार यात्रेकरू नांदेडात अडकले. महिनाभर ते गुरुद्वाऱ्याच्या निवासांत राहिले, लंगरमध्ये जेवले. एप्रिलच्या अखेरीस बसनं घरी गेले आणि तपासणीत त्यांतल्या बऱ्याच जणांना लागण झाल्याचं निघालं. मग काही दिवस टीव्हीवर 'नांदेडहून आलेले' हा शब्द ज्या सुरात उच्चारला गेला, तो आम्हाला ओळखीचा होता. महिनाभर आधी तोच सूर 'मरकजहून आलेले' या शब्दांसाठी लागला होता. अडकलेला पाहुणा किती पटकन संशयित होतो, हे त्या दोन महिन्यांत दोन्ही समाजांनी बघितलं.

नांदेडहून टॅव्हर्नियरच्या रस्त्यानं उलटं गेलं की औरंगाबाद लागतं, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथली पाणचक्की शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच बघितलेली असते. पाणी पडतं, चक्र फिरतं, मुलं फोटो काढतात, गाईड 'बिना बिजली' म्हणतो आणि बस पुढं मकबऱ्याकडं निघते. पण ही चक्की कुणासाठी दळत होती?

बुखाऱ्याकडच्या गिज्दुवानचे नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर औरंगजेबाच्या काळात दख्खनेत आले. त्यांचे पीर बाबा पलंगपोश गाजीउद्दीनखान फिरोजजंगाच्या फौजेबरोबर छावणीतून छावणीत फिरत. शाह मुसाफिर मात्र औरंगाबादेत खाम नदीच्या काठी तकिया करून बसले. नाव मुसाफिर, आणि आयुष्यभर काम केलं ते मुसाफिरांना थांबवून घेण्याचं. बुखारा-समरकंदकडून नोकरीच्या शोधात आलेले तूरानी शिपाई, हजला निघालेले दरवेश, खिसा रिकामा झालेले व्यापारी यांना या परक्या मुलखात पत्ता एकच होता. दोन्ही बुजुर्गांच्या गोष्टी शाह महमूद यांनी फारसीत 'मलफूजात-ए-नक्शबंदिया' या नावानं लिहून ठेवल्या. सायमन डिग्बी यांनी 2001 साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. मुघल दख्खनेतला साधा शिपाई, नोकर, फकीर यांचं जगणं दाखवणारा असा दस्तऐवज क्वचितच मिळतो. दरबारी तवारीखांत ही माणसं फक्त 'इतके हजार स्वार' या आकड्यात येतात.

तकियात माणसं वाढली तशी पिठाची गरज वाढली. तुर्कताजखानासारख्या निजामी सरदारांच्या मदतीनं हर्सूलकडच्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून जमिनीखालून आणलं. वाटेत विटांच्या मनोऱ्यांतून ते वर चढवलं, आणि शेवटी उंचावरून चक्कीच्या पात्यांवर सोडलं. हे सगळं 1744 च्या सुमारास पुरं झालं असं मानतात. पाण्यानं चक्र फिरायचं, वरचा दगड फिरायचा, फकिरांचं आणि मुसाफिरांचं धान्य दळलं जायचं. समोरच्या लांब हौदात कारंजी उडतात, ती सगळे बघतात. त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे, हे बघायला फारसं कुणी खाली उतरत नाही. खाम नदीच्या अंगाला असलेलं ते दालन मुक्कामाला येणाऱ्यांसाठी होतं. डोक्यावर पाणी, बाजूला नदी. मे महिन्यात मराठवाड्यात याहून मोठा पाहुणचार कोणता असू शकतो, ते उन्हात चाललेल्या माणसाला विचारा. आज खामचा नाला झालाय, दालनाजवळ उभं राहिलं की वास येतो, तो भाग वेगळा.

आता इथं 'बघा, आपले पूर्वज किती उदार' म्हणून थांबायचा मोह होतो. थांबू नये. तकियात गर्दी होती ती मुख्यतः आपल्या मुलखाच्या, आपली जबान बोलणाऱ्या माणसांची. परदेशात आपल्या गावचा माणूस शोधावा, तसं ते होतं. शेरशाह सूरीनं रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्या, एकूण सतराशे, असं अब्बासखान सरवानी लिहितो. तोच हेही सांगतो की त्यांत हिंदू आणि मुसलमान यांच्या उतरण्याच्या जागा वेगळ्या होत्या आणि हिंदूंना पाणी द्यायला, त्यांचा स्वयंपाक करायला ब्राह्मण नेमले होते. म्हणजे भेद होता, सरकारी खर्चानं पाळलेला होता. पण शेरशाहनं दोघांसाठी खोल्या बांधल्या. एकाला 'जागा नाही' असं सांगायची सोय ठेवली नाही.

इंग्रजांनी 1867 साली सरायांचा कायदा केला. त्यातली कलमं वाचताना मौज वाटते. सराय चालवणाऱ्यानं विहीर आणि टाकं स्वच्छ ठेवावं, पहारेकरी नेमावा, दर लिहून लावावेत. आणि हुकूम झाला तर काल रात्री कोण कोण उतरलं याची खबर मॅजिस्ट्रेटला द्यावी. हॉटेलच्या काउंटरवर आज जे रजिस्टर असतं त्याचं हे एक मूळ. कायदा इंग्रजी मुलखातला, निजामाच्या लातूर-नांदेडला तो लागू नव्हता. पण वही आली ती आलीच.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे अब्बा, लातूरला टांगा हाकायचे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत आली आणि तिथंच थांबली. पुढं रूळ नव्हते, म्हणून उतरणाऱ्या प्रत्येकाला कुठंतरी पोहोचवावं लागे. मग 1917 साली फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर गंजगोलाई उभी राहिली. मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजार, सोळा रस्ते. दादांना त्या सोळाही रस्त्यांवर कोण कुठं उतरू शकतो याचा नकाशा पाठ होता. अमक्या अडत्याच्या ओसरीवर शेतकरी झोपतात, तमक्या धर्मशाळेत मारवाडी, मशिदीच्या बाजूला मुसाफिर. कुणाला कुठं न्यायचं हे ते नाव विचारून ठरवायचे की बोलण्यावरून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. बहुतेक नाव विचारूनच ठरवत असणार. पण रात्री उशिराच्या गाडीचा एखादा उतारू कुठंच मावला नाही तर टांगा आमच्या दारात यायचा, आणि अम्मी, तेव्हा नव्या सून, तांब्या घेऊन बाहेर यायच्या. गूळ असला तर गूळ, नसला तर नुसतं पाणी. कोण, कुठले, हे नंतर.

म्हणूनच 2016 चा उन्हाळा अम्मींना पाणी नसल्यापेक्षा वेगळ्याच कारणानं बोचला होता. मांजरा धरण आटलं, टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या महिन्यांत दारावर थाप पडली की अम्मी आधी माठाकडं बघायच्या. "मेहमान आया और मैं माठ देखी," हे त्या अजून बोलून दाखवतात, गुन्हा कबूल केल्यासारखं.

तर त्या दिवशी बुटीक हॉटेलातून निघालो आणि बाजारपेठेतल्या एका साध्या लॉजवर गेलो. टेबलामागं सत्तरीचे गृहस्थ, कपाळाला बुक्का. त्यांनी वहीही उघडली नाही, अम्मींच्या चालण्याकडं बघून म्हणाले, "आईंना जिना चढवंल का? खालची खोली झाडून देतो, थांबा." पोरानं जग भरून आणला. मग वही आली. नाव, गाव, कुठून आले, कुठं जाणार, सगळं लिहिलं. आधारकार्ड त्यांनीही बघितलं.

खोलीतून नदी दिसत नव्हती, समोर भिंत होती. संध्याकाळी रिक्षानं घाटावर गेलो. अम्मी पायरीवर बसून पाण्यात पाय सोडून अर्धा तास बसल्या होत्या.

त्या मेसेजबद्दल परवा अम्मींना सांगितलं. त्यांना वाटलं, लॉजवाल्या काकांनीच विचारलंय. म्हणाल्या, "सुबह पानी गरम था बोल के लिख." मी मोबाईलवर त्या लॉजचं नाव शोधलं. ते कुठंच नव्हतं.