सर्व्हरला हुकूम कोणी द्यायचा?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, तू कॉम्प्युटरवाला आहेस ना? माझ्या सर्व्हरवर मी चुकून मित्राचं घर पाडलं. आता तो माझ्याशी बोलत नाहीये."

आधी मला काही कळेना. मग उलगडा झाला. स्वारी माइनक्राफ्ट खेळते. मित्रांसाठी एक छोटा सर्व्हर चालवते आणि त्यासाठी प्लगिनही स्वतःच लिहिते. त्यात एक कमांड होती: खेळाडूचं नाव दिलं की त्याला बाहेर काढायचं आणि त्याचा प्लॉट साफ करायचा. ह्याने नाव अर्धवट टाइप केलं, सर्व्हरने दुसऱ्यालाच धरलं आणि त्या पोराने दिवाळीच्या अख्ख्या सुटीत बांधलेला वाडा गेला.

चूक फक्त त्याची नाही हो. तिच्यामागे जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

विल क्राउदर यांनी १९७५-७६च्या सुमारास 'अ‍ॅडव्हेंचर' हा गुहेतला खेळ लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी तो वाढवला. चित्रं नव्हतीच. खेळाडूने एक-दोन शब्द टाइप करायचे. प्रत्येक शब्दाची फक्त पहिली पाच अक्षरं बघितली जायची. चुकलं तरी काय, खेळणारा एकटा! फार तर स्वतःच खड्ड्यात पडेल.

१९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी 'मड' सुरू केला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. त्यात एकाच जगात अनेक माणसं एकाच वेळी खेळायची. आणि इथे नवा प्रश्न उभा राहिला: हुकूम देतंय कोण? त्याला तो अधिकार आहे का? 'मड'मध्ये 'विझर्ड' पदाला पोचलेल्यांना जास्तीचे अधिकार असत. म्हणजे शब्द समजणं हे अर्धंच काम, माणूस ओळखणं हे उरलेलं.

आता एकदम २०१० कडे येऊ. माइनक्राफ्ट लोकप्रिय झाला होता. डिसेंबर २०१० मध्ये हौशी मंडळींनी 'बकिट' हा प्रकल्प सुरू केला, म्हणजे सर्व्हरवर प्लगिन बसवायची चौकट. त्यात कमांडची सोय साधी होती. कमांडचं नाव एका फाइलीत लिहून ठेवायचं. खेळाडूने ती टाइप केली की पुढचे शब्द मोकळ्या जागेपाशी तोडून तुमच्या हातात. पुढचं तुमचं तुम्ही बघा! शब्द पुरेसे आहेत का, आकडा खरंच आकडा आहे का, हुकूम खेळाडूने दिलाय की सर्व्हरच्या कन्सोलवरून... हे सगळं प्रत्येकाने प्रत्येक कमांडसाठी नव्याने तपासायचं. दहा कमांड असतील तर तीच तपासणी दहा वेळा, आणि नवव्या वेळी माणूस विसरतोच.

शिवाय बकिटमध्ये नावावरून खेळाडू शोधायची जी नेहमीची सोय होती, ती अर्ध्या नावावरही चालायची. समजा तुम्ही 'ओम' लिहिलं आणि ओम तेव्हा खेळात नसला, तर ती 'ओमकार'ला आणून हजर करायची. गप्पा मारायला सोयीचं, घर पाडायला नाही. भाच्याचं नेमकं हेच झालं होतं.

ह्या कंटाळ्यातूनच कमांड हाताळणाऱ्या लायब्ररी जन्माला आल्या. तुम्ही फक्त सांगायचं की ह्या कमांडला एक खेळाडू आणि एक आकडा लागतो. तपासणी, चुकीचा संदेश, परवानगी, सगळं लायब्ररी बघणार.

मध्ये एक वाईट प्रसंग घडला. ऑगस्ट २०१४ मध्ये बकिटच्या प्रमुखांनी प्रकल्प बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा खेळाची मूळ कंपनी मोजांगने सांगितलं की २०१२ पासून त्याची मालकी आमचीच आहे. वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्यांना हे कळल्यावर काय वाटलं असेल! सप्टेंबरमध्ये एका मोठ्या योगदात्याने कॉपीराइटची तक्रार केली आणि डाउनलोड बंद पडले. 'स्पिगॉट'ने पुढे वाट काढली ती अशी की प्रत्येकाने सर्व्हर आपापल्या मशीनवर तयार करून घ्यायचा. दुसऱ्याच्या कोडवर घर बांधताना खालची जमीन कोणाची, हे विचारायला हवं, एवढं सगळ्यांना तेव्हा कळलं.

म्हणून २०१८ चं मला विशेष वाटतं. त्या वर्षी मोजांगने १.१३ आवृत्तीत 'ब्रिगेडियर' ही कमांडची नवी लायब्ररी आणली आणि तिचा कोड एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुला केला. तिच्यात कमांड म्हणजे झाड. एका फांदीवर ठरलेला शब्द, पुढच्या फांदीवर आकडा किंवा खेळाडू. प्रत्येक फांदीवर अट घालता येते की इथे कोणाला प्रवेश आहे. तुमच्या परवानगीपुरतंच झाड तुमच्या संगणकावर येतं, म्हणून टाइप करतानाच पर्याय दिसतात आणि चूक लाल होते. एंटर दाबायच्या आधीच! आणि खेळाडू नावाने सांगायचा तर पूर्ण नाव लागतं.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने दोन दिवसांत कमांड नव्याने लिहिल्या. वर मी एक भर घालायला लावली: घर पाडण्याआधी सर्व्हरने 'नक्की का?' असं विचारायचं. कारण नाव बरोबर आहे का हे लायब्ररी सांगेल, ते घर पाडावं का हे नाही सांगणार.

वाडा मात्र परत आला नाही. बॅकअप नव्हता. (तो आता रोज घेतला जातो!) काल विचारलं तर म्हणाला, "मामा, आम्ही दोघं मिळून परत बांधतोय. विटा मी वाहतोय."

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कोणी असं कधी कोणाचं काही पाडलं असेल तर जरूर लिहा. :)