ऑइल कॅच कॅन: परफॉर्मन्स कारला हा डबा खरंच लागतो का?

गाड्यांचे रील बघत असाल, तर बॉनेटखाली चमकणारा एक छोटा ॲल्युमिनियमचा डबा तुम्ही नक्की पाहिला असेल. त्याला दोन जाड पाइप जोडलेले असतात आणि तळाला एक बोल्ट किंवा छोटा नळ असतो. मालक तो नळ उघडतो, दुधाळ कॉफीसारखं काहीतरी बाहेर पडतं आणि खाली कॅप्शन येतं, "हे सगळं तुमच्या इंजिनात जात होतं!"

या डब्याचं नाव ऑइल कॅच कॅन. टर्बो पेट्रोल गाडी घेतली, तिला रीमॅप करायचं ठरलं की मित्रांच्या ग्रुपवर पहिला सल्ला येतो, "आधी कॅच कॅन लाव." पनवेलकरांसाठी तर प्रश्न आणखी जवळचा. कळंबोलीला एक्स्प्रेसवे सुरू होतो आणि रविवारी सकाळी लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांमध्ये पोलो, व्हर्टस, आय२० एन लाइन अशा जोरकस गाड्या हमखास दिसतात.

मग या गाड्यांना हा डबा लागतो का? थोडक्यात उत्तर असं: कंपनीतून आली तशीच गाडी रोजच्या वापरात असेल तर लागत नाही. रीमॅप करून बूस्ट वाढवला असेल तर उपयोग होतो. ट्रॅकवर उतरणार असाल तर लावाच. हे असं का, ते आता सविस्तर बघू.

इंजिनात तेलाची वाफ येते कुठून?

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा जळते, त्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती असलेल्या रिंगा हा दाब वरच अडवतात. पण त्या शंभर टक्के सील करू शकत नाहीत. थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे जिथे इंजिन ऑइल असतं तिथे निसटतो. याला ब्लो-बाय म्हणतात. नव्या कोऱ्या इंजिनातही तो असतो.

या वायूत न जळलेलं पेट्रोल, जळालेले वायू आणि पाण्याची वाफ असते. खाली क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेत तेल उडवत असतो. त्या तेलाचे सूक्ष्म थेंब वायूत मिसळतात. हे मिश्रण बाहेर काढलं नाही तर आतला दाब वाढतो आणि ऑइल सील गळायला लागतात.

जुन्या काळात एक नळी लावून हा वायू सरळ रस्त्यावर सोडला जायचा. त्यातून होणाऱ्या प्रदूषणामुळे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, आधी कॅलिफोर्नियात, पीसीव्ही ही पद्धत आली. यात क्रँककेसमधला वायू परत इनटेकमध्ये ओढून सिलिंडरमध्ये जाळला जातो. आज तुमच्या-आमच्या प्रत्येक पेट्रोल गाडीत हीच व्यवस्था आहे.

म्हणजे रीलमधलं कॅप्शन तसं खोटं नाही. तो माल इंजिनात जातोच, कारण इंजिन तसंच बनवलेलं आहे. प्रश्न आहे तो किती जातो आणि त्याने काय बिघडतं हा.

मग बिघडतं काय?

पहिली गोष्ट, इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन. इथे तुमची गाडी कोणत्या पद्धतीने पेट्रोल फवारते हे महत्त्वाचं. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह येता-जाता धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं. व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला ते पोचतच नाही. तिथे तेलाची वाफ बसते, उष्णतेने भाजते आणि वर्षानुवर्षं थर साचतो. थर जाड झाला की सकाळी इंजिन थरथरतं, मिसफायर होतो, ताकद कमी वाटते.

चाकणच्या फोक्सवॅगन प्लांटमधून निघालेल्या पोलो जीटी टीएसआयपासून आजच्या व्हर्टस जीटीच्या १.५ लिटर, १५० पीएसच्या इंजिनापर्यंत सगळी टीएसआय इंजिनं डायरेक्ट इंजेक्शनची आहेत. ह्युंदाई आय२० एन लाइनचं १.० लिटर टर्बो आणि मारुतीचं १.० लिटर बूस्टरजेटही त्याच गटातलं. टाटा नेक्सॉनचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल मात्र पोर्ट इंजेक्शनचं आहे. तिथे व्हॉल्व्हवरच्या कार्बनची भीती बरीच कमी.

दुसरी गोष्ट, इंटरकूलर. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते, इंटरकूलर तिला थंड करतो. आतून तेलाचा थर बसला की हे काम थोडं मंदावतं.

तिसरी गोष्ट, नॉकिंग. सिलिंडरमधल्या दाबाने आणि उष्णतेने इंजिन ऑइल पेट्रोलपेक्षा सहज आपोआप पेट घेतं. ते हवेत मिसळून सिलिंडरमध्ये गेलं तर मिश्रण ठिणगीच्या आधीच किंवा वेडंवाकडं पेटण्याचा धोका वाढतो. नॉक सेन्सरला हे कळतं आणि ईसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे ताकद कमी करतो. रीमॅप केलेली गाडी आधीच मर्यादेच्या जवळ चालत असते, म्हणून तिला हे जास्त जाणवतं.

कॅच कॅन नेमकं काय करतो?

क्रँककेसमधून इनटेककडे जाणाऱ्या पाइपच्या मध्ये हा डबा बसतो. आत आडवे पडदे आणि बारीक जाळी असते. वायूला वळणं घेत जावं लागतं, त्याचा वेग कमी होतो, तो थंड होतो. तेलाचे थेंब जाळीला चिकटून मोठे होतात आणि तळाला साचतात. उरलेला वायू पुढे इनटेकमध्ये जातो.

असं काम करणारा ऑइल सेपरेटर कंपनी आधीच देते. बहुतेक आधुनिक इंजिनांत तो व्हॉल्व्ह कव्हरमध्ये किंवा इंजिनाच्या अंगातच बसवलेला असतो, म्हणून दिसत नाही. कॅच कॅन म्हणजे त्याच्या पुढची दुसरी गाळणी.

टर्बो गाडीत एक मेख आहे. वायू बाहेर पडायला इथे साधारण दोन वाटा असतात. गाडी आयडलवर किंवा हलक्या पायाने चालत असेल तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम वायू ओढतो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब तयार होतो, तिथला झडपेचा मार्ग बंद होतो आणि वायू दुसऱ्या वाटेने टर्बोच्या आधीच्या पाइपमध्ये जातो. फक्त एकाच वाटेवर डबा लावला तर निम्मं काम होतं. गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: "डबा कोणत्या लाइनवर लावताय?"

घाटात गाडी चालवणाऱ्यांना जास्त गरज आहे का?

पनवेल जवळपास समुद्रसपाटीला, लोणावळा ६०० मीटरच्या वर. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतच्या थोड्याशा अंतरात गाडी पाचशे मीटरच्या आसपास चढते. चढताना इंजिनावर भार, म्हणून सिलिंडरमधला दाब जास्त आणि ब्लो-बायही जास्त. उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये गाडी आली की मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि पीसीव्हीच्या वाटेने तेलाची वाफ ओढली जाते.

म्हणजे घाटाचा परिणाम होतो, पण त्याची भीती बाळगू नका. एक्स्प्रेसवेवर सपाट भागात कारसाठी मर्यादा ताशी १०० किलोमीटर, घाटात ६०. या वेगात १५० पीएसची गाडी आपल्या ताकदीचा लहानसा भागच वापरते. कंपनीचा सेपरेटर एवढा भार सहज पेलतो. मर्यादा मोडून घाटात गाडी पळवायची म्हणून कॅच कॅन हवा असेल, तर अडचण इंजिनात नाही.

पावसाळ्याचा मुद्दा मात्र खरा आहे. कोकणातल्या दमट हवेत आणि छोट्या फेऱ्यांत, उदाहरणार्थ घर ते पनवेल स्टेशन, इंजिन पुरतं तापत नाही. पाण्याची वाफ आतच थंड होते. म्हणून ऑइल कॅपखाली फिकट दुधी थर दिसतो आणि कॅनमधला ऐवज कॉफीसारखा दिसतो. त्यात तेलासोबत भरपूर पाणी आणि थोडं पेट्रोल असतं. रीलमध्ये दिसणारा अर्धा डबा म्हणजे अर्धा डबा तेल नाही. आणि तुमच्या इंजिनातलं कूलंट कमी होत असेल, तर दुधी थराचं कारण वेगळं आणि गंभीर असू शकतं. तेव्हा आधी मेकॅनिकला दाखवा.

ट्रॅकवर तो का लागतोच?

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा झाली आहे. तिथे पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर फुल थ्रॉटल. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर तर एकामागून एक लॅप असतात. वळणात तेल एका बाजूला उसळतं आणि ब्रीदरच्या तोंडाशी येतं. तिथून ते वाफेऐवजी थेट द्रवरूपात बाहेर पडू शकतं.

हे तेल ट्रॅकवर सांडलं तर मागच्या गाडीचं चाक घसरतं. तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग लागते. म्हणूनच एफआयएच्या नियमांत, ब्रीदर उघडा असलेल्या स्पर्धेच्या गाड्यांना कॅच टँक सक्तीचा आहे. २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर, त्याहून मोठ्या इंजिनाला ३ लिटर, आणि आतलं तेल बाहेरून दिसलं पाहिजे. या नियमामागे मुख्य विचार सुरक्षेचा आहे. बाजारातला शोभेचा छोटा डबा त्यात बसत नाही.

वरचा फिल्टर उघडा ठेवला तर चालतं का?

काही कॅनवर छोटा फिल्टर लावून वायू हवेत सोडला जातो. पाइप परत इनटेकला जोडायचा त्रास वाचतो आणि इनटेक एकदम कोरडा राहतो. रस्त्यावरच्या गाडीत हे करू नका.

भारत स्टेज नियमांनुसार गाडीला मान्यता मिळताना एक चाचणी खास क्रँककेसच्या वायूसाठी असते. तो हवेत अजिबात सुटता कामा नये अशी अट आहे. पीयूसी केंद्रावर सायलेन्सरचा धूर तपासतात, त्यामुळे तिथे हे पकडलं जात नाही, पण म्हणून ते नियमात बसत नाही. मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय या वायूचा वास एसीतून केबिनमध्ये येतो. घरच्यांना तो आवडणार नाही.

स्वस्त डब्याने नुकसान होतं का?

होऊ शकतं. ऑनलाइन मिळणारे काही डबे आतून रिकामे असतात. ना पडदा, ना जाळी. वायू एका तोंडातून येतो, दुसऱ्यातून जातो. पण त्याहून वाईट गोष्टीही घडतात:

• पाइप तेलाला न टिकणारा असेल तर मऊ पडून पिचकतो. वाट बंद झाली की क्रँककेसचा दाब वाढतो आणि सील गळतात. कॅन नसता तर हा खर्च आलाच नसता.
• जोड सैल असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. आयडल बिघडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो.
• डबा टर्बो किंवा एक्झॉस्टजवळ बसवला तर वाफ थंड होत नाही आणि आगीचा धोका वाढतो.
• डबा भरला आणि लक्षात आलं नाही, तर साठलेलं सगळं एकदम इनटेकमध्ये ओढलं जाऊ शकतं. टर्बो डिझेल इंजिन तर आत आलेल्या तेलावरच बेफाम पळू शकतं.

यात वॉरंटीही धरा. बाहेरचा भाग लावल्यामुळे बिघाड झाला असं कंपनीने दाखवलं, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

तुमच्यासाठी हिशोब

समजा, ५,००० किलोमीटरमध्ये कॅनमध्ये ५० मिली ऐवज साठला. चार लिटर तेलाच्या इंजिनात हे सव्वा टक्का होतं, आणि त्यातही बरंच पाणी. एवढ्यासाठी काही हजार रुपये घालायचे का, हे गाडी कशी वापरता त्यावर ठरवा.

• स्टॉक गाडी, रोजचा वापर: गरज नाही. तेच पैसे योग्य ग्रेडच्या ऑइलवर आणि वेळेवर सर्व्हिसवर घाला.
• स्टॉक डायरेक्ट इंजेक्शन टर्बो, आठ-दहा वर्षं ठेवायची आहे: ऐच्छिक. कार्बन साचायचा वेग कमी होऊ शकतो, पण थांबत नाही, कारण तेल व्हॉल्व्ह स्टेम सीलमधूनही उतरतं. वॉरंटी संपेपर्यंत थांबा.
• रीमॅप, वाढवलेला बूस्ट: उपयोगी. जाळीवाला, बंद प्रकारचा, दोन्ही वाटा सांभाळणारा घ्या.
• ट्रॅक किंवा ड्रॅग: आवश्यक. आकार आणि जोडणी स्पर्धेच्या नियमाप्रमाणे.
• जुनी गाडी, निळा धूर, तेल कमी होतंय: आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. रिंगा झिजल्या असतील तर कॅन फक्त आजार लपवतो.

लावलाच, तर सुरुवातीला दर हजार किलोमीटरला उघडून बघा. पावसाळ्यात आणखी लवकर. निघालेला ऐवज परत इंजिनात ओतू नका आणि गटारातही टाकू नका. पनवेलचं गटार शेवटी गाढी नदीला मिळतं. वापरलेलं तेल हा घातक कचरा मानला जातो. एका बाटलीत साठवा आणि पुढच्या सर्व्हिसला गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या.