सिकलसेल दृष्टिपटलविकार (डहाणू–तलासरी)

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात डोळ्याच्या पडद्यातील, म्हणजे दृष्टिपटलातील, बारीक रक्तवाहिन्या बुजून होणारा विकार. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत त्याला विशेष महत्त्व आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत दहांतील नऊ माणसे अनुसूचित जमातींची आहेत, डहाणूत दोन तृतीयांशांहून अधिक. आणि येथील वारली, कोकणा, धोडिया, दुबळा या समाजांत सिकलसेलचे जनुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. एकाच पालकाकडून ते आले तर मूल ‘वाहक’ ठरते व गंभीर मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकले ते त्यामुळेच. दोन्ही पालकांकडून आले की आजार होतो.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ बदल. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन गोठल्यासारखे घट्ट होते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी केशवाहिन्यांत अडकतात. हाडे-सांधे ठणकतात ते घरच्यांना कळते. डोळ्यात तेच घडते तेव्हा काहीच दुखत नाही. पडद्याच्या अगदी कडेच्या, विशेषतः कानशिलाकडच्या बाजूच्या वाहिन्या आधी बंद पडतात. वाचायला, सुईत दोरा ओवायला लागणारा मधला भाग शाबूत असतो. म्हणून अक्षरफळ्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यातही आजार बराच पुढे गेलेला असू शकतो.

मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये या विकाराचे पाच टप्पे मांडले. ते आजही वापरात आहेत. आधी धमन्या बुजतात, मग धमन्या व शिरा परस्परांना आडवाटेने जोडल्या जातात, आणि उपाशी पडद्याच्या हाकेला नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. समुद्रातील पंख्यासारख्या प्रवाळाशी असलेल्या साम्यावरून त्यांना ‘सी-फॅन’ म्हणतात. त्यांतून डोळ्यात रक्त सांडते, शेवटी पडदा सुटतो. काही सी-फॅन आपोआप सुकतातही, त्यामुळे लेसर कधी करायचे हा निर्णय सोपा नसतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जमैकातील चाचणीत लेसर केलेल्या डोळ्यांत रक्तस्राव कमी आढळला.

या विकाराचे दीर्घ निरीक्षणही जमैकाचेच. किंग्स्टनमध्ये १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बालकांचे रक्त तपासून आजारी मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. चोवीस ते सव्वीस वर्षे वयापर्यंत एसएस प्रकारातील (दोन्ही पालकांकडून सिकल जनुक) १४ टक्के, तर एससी प्रकारातील (एकाकडून सिकल, दुसऱ्याकडून ‘सी’ हिमोग्लोबिनचे जनुक) ४३ टक्के व्यक्तींत नव्या वाहिन्या उगवल्या होत्या. हे आकडे इकडे जसेच्या तसे लावणे मात्र चूक ठरेल. ‘सी’ हिमोग्लोबिन पश्चिम आफ्रिकी वंशपरंपरेतले. येथे प्रश्न एसएस आणि सिकल-बीटा थॅलेसेमियाचा (एकाकडून सिकल, दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे जनुक) आहे. शिवाय भारतातील अरब-भारतीय जनुकप्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहते व आजार बहुधा सौम्य असतो. सौम्य आजार असलेला रुग्ण अधिक वर्षे जगतो, आणि डोळ्यालाही तितकीच वर्षे जपावे लागते.

वाहकांना पडद्याचा विकार सहसा होत नाही, पण डोळ्याला मार लागला तर तेही सुरक्षित नसतात, आणि वाहकांची संख्या रुग्णांपेक्षा कितीतरी मोठी आहे. गलोलीचा खडा, फाट्याचा फटका, विटेचा कपचा लागून बुबुळापुढच्या पोकळीत रक्त साठले की वाकलेल्या पेशी निचऱ्याची जाळी तुंबवतात. डोळ्यातील दाब चढतो आणि तुलनेने कमी दाबातही दृष्टिपटलाची धमनी व दृष्टिचेता यांना इजा होते. चोवीस तास दाब २४ मिमी पाऱ्याच्या वर राहिला तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. दाब उतरवण्यासाठी एरवी सर्रास दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी येथे घातक ठरू शकते, कारण ती पेशी वाकण्याला पोषक परिस्थिती निर्माण करते. डोळ्याला मार लागलेल्या प्रत्येक आदिवासी रुग्णाला ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारलाच पाहिजे.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तेव्हा ठरवलेले उद्दिष्ट. डहाणूत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र चालते. रक्ततपासणी आजार कोणाला आहे ते सांगते. पडद्याच्या कडेला काय चालले आहे ते सहसा बाहुली मोठी करूनच दिसते. दहाव्या वर्षापासून, दर एक-दोन वर्षांनी, थेंब टाकून कडेपर्यंत पडदा पाहावा अशी शिफारस आहे. मोतीबिंदूच्या शिबिरात हे सहसा होत नाही. त्यासाठी मुंबईला जायचे तर डहाणूरोडहून लोकलने सुमारे सव्वाशे किलोमीटर. तलासरीला रेल्वे नाही, तेथून आधी डहाणू, घोलवड किंवा उंबरगाव गाठावे लागते. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत एक मोठे माणूस लागते आणि त्याचीही त्या दिवसाची मजुरी बुडते.