सिमेंटची गोणी आणि मुख्यमंत्र्यांची सही

मागच्या वेळी आपण परवाना-राजपर्यंत आलो होतो. आज एकच प्रकरण घेऊ, अंतुल्यांचं. साठीच्या पुढच्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. सिमेंट नियंत्रणात होतं, घर बांधायचं तर गोण्यांसाठी परमिट लागायचं. आता ज्याच्या सहीने कोटा मिळतो, त्याच्या सहीला भाव येणारच की!

अंतुले जून 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान काढलं आणि बिल्डर मंडळींच्या देणग्या तिकडे वाहू लागल्या. ऑगस्ट 1981 अखेर अरुण शौरींनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये हे बाहेर काढलं. प. बा. सामंत आदी हायकोर्टात गेले. 12 जानेवारी 1982 रोजी न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांत देवाणघेवाण असल्याचा निष्कर्ष काढला. मुख्यमंत्रीपद गेलं.

पण ती रिट होती, फौजदारी खटला नव्हे. हा फरक आपण नेहमी विसरतो. रिटमध्ये सरकारचा निर्णय तपासतात, तुरुंगात कोणी जात नाही.

फौजदारी तक्रार केली रामदास नायक यांनी. तिथे प्रश्न निघाला तो असा : आमदार हा लोकसेवक आहे का? असेल, तर खटल्याला आधी मंजुरी हवी. विशेष न्यायाधीशांनी ‘आहे’ म्हणून आरोपीला सोडलं. फेब्रुवारी 1984 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही. इथवर ठीक. पण निकाल लवकर लागावा म्हणून कोर्टाने खटला थेट हायकोर्टाकडे दिला. ही घाईच अंगाशी आली.

हायकोर्टात 57 साक्षीदार झाले, पुढे 79 आरोप ठेवले गेले. आणि एप्रिल 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवलं की, 1952 च्या कायद्याने असा खटला विशेष न्यायाधीशच चालवू शकतो. हायकोर्टात नेल्याने आरोपीचा अपिलाचा हक्क बुडाला. झालं! सगळं रद्द, पुन्हा विशेष न्यायाधीशांकडे.

आम्हाला विचाराल तर निकाल कायद्याने बरोबर वाटतो. सुप्रीम कोर्टालाही स्वतःची चूक दुरुस्त करता आली पाहिजे. तरी वाचताना चरफड होतेच.

सिमेंटवरचं नियंत्रण फेब्रुवारी 1982 मध्येच अंशतः उठलं, 1989 मध्ये पूर्ण गेलं. खटला मात्र डिसेंबर 1991 मध्ये पुन्हा सुप्रीम कोर्टात होता, आणि प्रश्न होता आरोपीच्या जलद सुनावणीच्या हक्काचा. 2006 मध्ये अंतुले केंद्रात मंत्री झाले.