मयत, वारस आणि मोर्तब

मुळशी तालुक्यातील कासारसाईच्या एका परिचितांनी जमिनीच्या फेरफाराचा कागद मला वाचायला दिला. घरातले कर्ते माणूस गेले होते. खातेदार मयत झाल्याने वारसांची नावे दाखल केली, एवढीच नोंद. कुटुंब हिंदू शेतकऱ्याचे, कागद मराठी आणि त्यातील 'मयत', 'वारस', 'दाखल' हे तिन्ही शब्द अरबी. 'खातेदार'मधला 'दार' तेवढा फारसी.

कागद वाचताना मला एक वही आठवली. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. एका मुलीने निबंधात लिहिले होते, 'आजोबांच्या मयतीला सगळा गाव आला.' मी 'मयती'खाली लाल रेघ ओढली व वर 'अंत्यविधी' लिहिले. तिने विचारले, "सर, मयत मराठी नई क्या?" मी म्हणालो, "घरात बोलतो ते वेगळे, मराठी वेगळी." माझे हे उत्तर चुकीचे होते. ते का चुकले हे सांगण्यासाठीच हा लेख.

पुणे प्रांत आधी निजामशाहीत होता, 1636 नंतर आदिलशाहीत गेला. दरबाराची भाषा फारसी असली तरी गावचा हिशेब मराठीत लिहिला जाई. लिहिणारे कुलकर्णी, देशपांडे. वसूल, बाकी, मुदत, अखेर, रद्द हे शब्द त्यांच्याच लेखणीतून मराठीत रुळले. तलवारीच्या धाकाने शब्द दरबारापर्यंत पोचतो. कुणब्याच्या ओसरीवर तो टिकतो तो रोजच्या गरजेनेच.

शिवकालीन पत्राचा शेवट पाहण्यासारखा आहे. मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा उमटवीत. येथे मर्यादा झाली, यापुढे कोणी काही घुसडू नये, हा तिचा हेतू. मुद्रेतील शब्द संस्कृत. पण मुद्रा उमटवली हे सांगायला लिहिणारा लिही, 'मोर्तब सूद'. हे फारसी 'मुरत्तब शुद', म्हणजे सिद्ध झाले. पुढे 'सूद' गळाला आणि 'मोर्तब' आपल्या 'शिक्कामोर्तब'मध्ये राहिला.

आता 'खतम' घ्या. अरबीत या शब्दाच्या मुळाशी मोहोर लावण्याचा अर्थ आहे. 'खातमुन्नबिय्यीन' या शब्दातून तो आपल्या परिचयाचा आहे. मोहोर लागली की गोष्ट पुरी झाली. रायगडावरचा चिटणीस आणि अरबी भाषा, दोघांनाही शेवट मोहोरेतच दिसला.

महाराजांनी 1674 च्या राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करविला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे ते काम होते. दरबारी फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. नव्या राज्याला स्वतःची भाषा हवी होती, आणि ती गरज समजण्यासारखी आहे. पुढे विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. फारसीचे हे प्राध्यापक. 1925 साली त्यांनी फारसी-मराठी कोश दिला, मराठीत गझल रुजवली आणि 1938 मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीची बाजूही घेतली. ज्या शब्दांची त्यांनी नोंद केली त्यांतील कितीतरी शब्दांना त्यांनीच निरोप दिला.

तरीही शेवटाचे शब्द गेले नाहीत. त्यांनी अर्थ मात्र बदलले. 'खलास' म्हणजे मुळात सुटका. मराठीत माणूस खलास होतो, पैसे खलास होतात. 'बरखास्त' म्हणजे उठला; बैठकीतली माणसे उठली की सभा संपते, म्हणून सभा बरखास्त होते आणि विधानसभाही. 'फना' हा सूफींचा केवढा मोठा शब्द, स्वतःचे मीपण विरून जाणे! मराठीने त्याचा 'फन्ना' केला, आणि लग्नात तो जिलब्यांचा उडतो. यात शब्दाचा अपमान नाही. लेकीने सासरी गेल्यावर तिथल्या चुलीवर स्वयंपाक करावा तसे हे आहे. ती मग पाहुणी उरत नाही.

'मयत' तर दोन्ही घरची झाली. उर्दूत 'मय्यत' म्हणजे मृतदेह, अंत्ययात्राही. मराठीत 'मयत' झालेला माणूस सरकारी कागदावर असतो आणि 'मयतीला' शेजारी जातात. जनाजा असो वा तिरडी, गावकरी 'मयतीला जाऊन आलो' असेच म्हणतो. मरणाच्या दारात उभे राहून शब्दाची जात कोणी विचारत नाही.

आपल्याला अधूनमधून विचारले जाते, तुमची भाषा कोणती? आपणही कधी कधी संकोचतो, आणि मग माझ्यासारखा शिक्षक आपल्याच मुलीच्या वहीत लाल रेघ ओढतो. या प्रश्नाचे उत्तर वाद घालून देण्याची गरज नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात आधीच लिहिलेले आहे.

'अखेर' आणि 'आखिरत' एकाच मुळाचे शब्द. आपल्या श्रद्धेत जी अखेर, तिच्यापुढेही काही आहे. फेरफारातही तसेच असते. 'मयत' लिहून नोंद थांबत नाही, तिथे 'वारस' लिहावेच लागते. या मराठीचे वारस आपणही आहोत.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची वही मागून घेतली. रेघ खोडता येईना. म्हणून समासात लिहिले, 'बरोबर आहे', आणि खाली सही केली.