गाठीचा ताप आणि कल्याणचे स्थानक

कल्याणचे सारे महत्त्व वाटांमुळे आहे. उल्हास नदीच्या खाडीतून आत येणारी गलबते जेथे नांगर टाकीत आणि घाट उतरून आलेले बैलांचे तांडे जेथे आपल्या गोणी उतरवीत, त्या या बंदराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी लेखनात येतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे दानलेख कोरलेले आहेत. आणि शिवछत्रपतींनी १६५७ साली कल्याण-भिवंडी काबीज केली, तीही या मुलखाचे मर्म ओळखूनच. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणास पोचली, आणि तेथून एक फाटा थळघाटाने नाशिककडे व दुसरा बोरघाटाने पुण्याकडे गेल्यावर, गुजरातेची वाट वगळता, मुंबई सोडून आगगाडीने देशावर जाणाऱ्या प्रत्येक माणसास कल्याणच्या स्थानकावरून जाणे प्राप्त झाले. हिंदुस्थानच्या आरोग्याच्या इतिहासात या स्थानकास जे स्थान मिळाले, ते या एकाच कारणाने.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी एका तापकऱ्याच्या अंगावरील गाठ पाहून हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान केले, आणि पुढील चार-पाच महिन्यांत सव्वाआठ लाखांच्या त्या शहरातून जवळजवळ चार लाख माणसे बाहेर पडली. गिरणीतला मजूर कोकणातल्या आपल्या गावी निघाला, व्यापारी आपल्या मुलखास निघाला, कारकून सासुरवाडीस निघाला; ज्यास जी वाट सापडली ती त्याने धरली. त्या लोंढ्याबरोबर रोग ठाण्यास आला, कल्याणास आला, भिवंडीस आला. डोंबिवली तेव्हा भातखाचरांच्या मध्ये वसलेले लहानसे गाव होते. पण लोहमार्ग त्याच्या कडेने जात होता, आणि लोहमार्गाजवळचे कोणतेही गाव त्या साली निर्धास्त झोपू शकत नव्हते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा मंजूर केला, आणि घरझडती, विलगीकरण व प्रवाशांची तपासणी यांविषयीचे अमर्याद अधिकार अंमलदारांच्या हाती आले.

कल्याणास गाडी थांबे. उतारूंना फलाटावर उतरवीत. डॉक्टर एकेकाची नाडी पाही, डोळे पाही, आणि मग काख, मान व जांघ चाचपून पाही. गाठ लागली किंवा ताप वाटला की त्या माणसास बाजूस काढून इस्पितळात वा छावणीत पाठविण्याचा हुकूम होता. ज्या समाजात सुनेने सासऱ्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, त्या समाजातील स्त्रियांना परक्या पुरुषाच्या हाताखाली उभे करण्यात आले, याचा संताप त्या काळच्या मराठी पत्रांच्या रकान्यांतून आजही जाणवतो. स्त्री-डॉक्टर पुढे काही ठिकाणी नेमल्या गेल्या. पण जी विटंबना झाली ती होऊन गेलेली होती. ती करणाऱ्यांची भीती खोटी नव्हती, आणि सोसणाऱ्यांचा संतापही खोटा नव्हता. या दोहोंपैकी एकाचाच विचार करून त्या सालाचा इतिहास लिहू पाहणारा माणूस त्या सालास न्याय देत नाही, असे माझे मत आहे.

परंतु तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातांना जी गाठ सापडत होती, ती काय होती? सरकारच्या लेखी ती रोगाची खूण होती, लोकांच्या लेखी मृत्यूचा निरोप होता. शरीराच्या दृष्टीने ती याहून वेगळीच गोष्ट होती, आणि तिचा उलगडा होण्यास अनेक दशके लागली. आपल्या मानेत, काखांत, जांघांत आणि पोटाच्या आत घेवड्याच्या दाण्याएवढ्या शेकडो लसिकाग्रंथी आहेत. पेशींच्या फटींतून झिरपणारा द्रव लसिकावाहिन्यांनी गोळा होऊन रक्तात परत जातो, आणि जाता जाता त्यास या ग्रंथींतून गाळून जावे लागते. जसे कल्याण मुंबईच्या वाटेवर, तशी ही ग्रंथी लसिकेच्या वाटेवर बसविलेला नाकाच होय: जखमेतून वा कीटकाच्या दंशातून जे काही परकीय आत शिरले असेल, त्याची ओळख येथे पटविली जाते, त्याच्याशी नेमक्या जुळणाऱ्या पांढऱ्या पेशी येथे निवडल्या जातात, आणि निवडलेल्या पेशींची संख्या थोड्या दिवसांत हजारोपट वाढते. ही वाढ म्हणजेच सूज. घसा दुखू लागला की जबड्याखाली जी दुखरी गाठ हाताला लागते, ती शरीर आपले काम करीत असल्याची साक्ष असते.

प्लेगात हे काम उलटते. रोगाचा जंतू उंदरावरील पिसवेच्या पोटात वाढतो आणि तिच्या दंशाबरोबर माणसाच्या त्वचेत उतरतो. पिसू बहुधा पायास चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. दंशाच्या जागी भक्षकपेशी धावून येतात व जंतूंना गिळतात. त्यांतील पुष्कळ जंतू मरतात. पण काही भक्षकपेशींच्या पोटात जे जिवंत राहतात ते तेथेच वाढतात, माणसाच्या रक्ताच्या उबेत स्वतःभोवती एक आवरण तयार करतात, आणि नंतर सामोऱ्या येणाऱ्या पेशींमध्ये अशी द्रव्ये सोडतात की त्या पेशींची गिळण्याची शक्तीच लुळी पडते. जी पेशी शत्रूस धरून ग्रंथीपर्यंत नेते, तीच त्याचे वाहन होते. ग्रंथीत प्रतिकार जागा होण्यास काही दिवस लागतात, आणि प्लेगचा जंतू तेवढी सवड देत नाही. कल्याणच्या फलाटावर जिच्यासाठी माणसाला गाडीतून उतरविले जाई, ती गाठ म्हणजे हरत चाललेल्या झुंजीची जागा होती; त्या माणसाचा त्यात काहीएक अपराध नव्हता.

याच कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचे, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे, स्मरण येथे होते, कारण प्रतिकाराच्या अपयशाचा दुसरा प्रकार त्यांच्या आयुष्यात दिसतो. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू मार्च १८८२ मध्ये जाहीर केला. पुढच्याच वर्षी आनंदीबाई अमेरिकेस गेल्या, १८८६ साली पेनसिल्वेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने निवर्तल्या. तेव्हा त्यांस बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. क्षयाच्या जंतूलाही भक्षकपेशी गिळते आणि पचवू शकत नाही. परंतु येथे घाई नसते. जंतूभोवती पेशींचा वेढा पडतो, त्यात तो वर्षानुवर्षे कोंडून राहतो, आणि अनेक माणसे त्यास असा कोंडूनच पूर्ण आयुष्य जगतात. मात्र अर्धपोटी राहणे, अतिश्रम, परमुलखातील थंडी यांनी शरीर खचले की वेढा सुटतो. ज्या रोगाचे कारण नुकतेच कळले होते आणि ज्यावर औषध निघण्यास अजून सहा दशके होती, त्या रोगाने या गावची ही कन्या नेली. तिची विद्या तिच्या स्वतःच्या उपयोगी पडू शकली नाही, हे दुःख कल्याणकरांनी आपले मानले पाहिजे.

एकदा रोग होऊन गेला की तो पुन्हा सहसा होत नाही, हे या मुलखास प्लेगापूर्वी फार आधी ठाऊक होते. ते त्यास देवींनी शिकविले होते. घरात मुलास देवी निघाल्या की स्वयंपाकात फोडणी बंद होई, दारास कडुनिंबाचे डहाळे लागत, रोग्यास ‘आई’ म्हणून आळवीत, आणि ताप उतरल्यावर शितळादेवीस थंड नैवेद्य जाई. जुन्या ठाणे जिल्ह्यातील केळव्याची शितळादेवी याच भावनेचे स्थान होय. आणि त्याच घरात, रोग्याच्या उशाशी बसविण्यास ज्याच्या तोंडावर देवीचे वण आहेत असा माणूस शोधीत. त्यास बाधा होणार नाही हे सर्वांना माहीत असे. या शहाणपणास शास्त्राचे नाव नव्हते, परंतु निरीक्षण अचूक होते. गायीच्या देवींची लस बगदाद व बसऱ्याच्या मार्गे मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर हिंदुस्थानात प्रथम यशस्वी झाली. तिच्या दंडावरील फोडातून पुढल्या मुलास, त्याच्यापासून त्याच्या पुढल्यास, अशी ती दंडोदंडी पसरत गेली. ‘देवी टोचणे’ हा शब्दप्रयोग ठाण्या-कल्याणच्या घराघरांत इतका रुळला की देवी गेल्या तरी तो राहिला.

लस का लागू पडते, हे मात्र तोवर कोणी सांगू शकत नव्हते. १८८२ च्या अखेरीस मेसिना येथे इल्या मेच्निकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अर्भकात गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या सकाळी फिरत्या पेशी त्या काट्यांभोवती गोळा झालेल्या पाहिल्या. भक्षकपेशींचा सिद्धांत तेथे जन्मला. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग व किताझातो यांनी रोगमुक्त प्राण्याच्या रक्तद्रवात विषास निष्प्रभ करणारे द्रव्य असल्याचे दाखविले. पेशी श्रेष्ठ की द्रव्य, असा वाद बरीच वर्षे चालला, आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकोव्ह व द्रव्यपक्षाचे एर्लिख यांस विभागून देऊन दोन्ही पक्षांचा मान राखला गेला. पांढऱ्या पेशींची एक जात प्रतिपिंडे, म्हणजे तीच द्रव्ये, तयार करते, भक्षकपेशी ती चिकटलेले जंतू अधिक सहज गिळतात, आणि झुंज संपल्यावर काही पेशी स्मृती घेऊन वर्षानुवर्षे जगतात, हा समन्वय नंतरचा.

या मेच्निकोव्हचा ओदेसा येथील विद्यार्थी वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून मुंबईस आला, ही आपल्या इतिहासातील फार मोठी गोष्ट आहे. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहान प्रयोगशाळेत त्याने मांसरसाच्या पात्रांत वर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने जंतू वाढविले, उष्णतेने मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी कळा आल्या, मग ताप उतरला. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा ज्या बंद्यांनी स्वेच्छेने टोचून घेतले, त्यांच्यात रोगाचे प्रमाण इतरांहून फार कमी दिसले. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांस टोचून निम्म्यांस तसेच ठेवले गेले: टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ दगावले, न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडून २६ दगावले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांचे हे आकडे आहेत. मेलेल्या जंतूंनी ग्रंथींतील पेशींस आगाऊ ओळख करून दिली होती, म्हणून खरा जंतू आला तेव्हा प्रतिकार जागा होण्याचे ते काही दिवस वाया गेले नाहीत.

हे साधन हाती असता सरकारचा भर मात्र पहिल्या वर्षी झडतीवर राहिला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे उपसली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळी झाडली. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन इस्पितळात पोचविताना त्यांस लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्यास स्पर्श त्यांनीही केला आणि फलाटावरील डॉक्टरांनीही केला. एका स्पर्शाने माणसे जवळ आली, दुसऱ्याने ती आजारी माणसास माळ्यावर लपवू लागली. लस ही शेवटी माणसाने आपला दंड आपण होऊन पुढे करण्याची गोष्ट आहे, आणि ज्या दंडास शिपायाने खेचले आहे तो सुईपुढे सहज येत नाही.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे एका दूषित कुपीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली, दोष हाफकिनवर आला, आणि रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये त्याची बाजू उघडपणे मांडीपर्यंत त्यास तो वाहावा लागला. परळच्या ज्या प्रयोगशाळेत त्याची लस तयार होई, तीस त्याचे नाव १९२५ मध्ये मिळाले.

प्लेग मग ओसरला कसा? ठाण्या-कल्याणकडे ‘उंदीर पडू लागले की घर सोडावे’ हा दंडक लोकांनी स्वानुभवाने घालून घेतला होता. शास्त्रज्ञांनी पिसवेचा दुवा सिद्ध करण्याआधीच माणसे घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहत, आणि वाचत. लशीने काही वाचले. १९४० नंतर सल्फा औषधे व पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले. हाफकिन संस्थेचे पहिले हिंदी संचालक साहिबसिंग सोखी यांचे या उपचारांवरील काम मोठे आहे. परंतु या सर्वांच्या जोडीस एक कारण असे होते की ज्याची योजना कोणी केली नव्हती. परळच्या प्रयोगशाळेत मुंबईच्या उंदरांना आणि मद्रासच्या उंदरांना प्लेगचा सारखाच जंतू टोचला, तेव्हा ज्या मद्रासेत साथ फारशी शिरली नव्हती तेथले उंदीर पटापट मेले, आणि मुंबईचे बरेचसे जगले. दरवर्षीच्या साथीत दुबळे उंदीर मरत गेले, ज्यांच्या शरीरात प्रतिकार होता त्यांचीच संतती वाढली, आणि बिळांमध्ये, गोदामांमध्ये, धान्याच्या वखारींमध्ये रोगास पेटत राहण्यासाठी लागणारे इंधन वर्षागणिक कमी होत गेले.