भाड्याचे घर : मोडतोड झाली तर खर्च कोणाचा?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातील अनेक मराठी घरांतली मुले आता बाहेरगावी किंवा परदेशी असतात आणि रिकामा मजला भाड्याने दिला जातो. भाडेकरू बहुधा ओळखीतला असल्याने लेखी काही घेण्याची भीड पडते. मग घर सोडताना फुटक्या बेसिनवरून वर्षांचे संबंध बिघडतात. आम्ही नोकरीभर बँकेत तारणाचे कागद तपासले. नोंद नसेल तर दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, हे तेथे पाहिले.

कायदा

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, करारात किंवा स्थानिक रूढीत वेगळे नसेल तर, भाडेकरूने घर जसे घेतले तसे परत करायचे असते. वाजवी झीज आणि अटळ आपत्तीने झालेला बदल यातून वगळला आहे. बिघाड भाडेकरूच्या कृतीने वा हयगयीने झाला असेल, तर नोटिशीनंतर तीन महिन्यांत त्याने तो दुरुस्त करून द्यावा. उलट, मालकाने आपल्या वाट्याची दुरुस्ती कळवूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो.

झीज की नुकसान?

काही वर्षांत फिका पडलेला रंग किंवा सैल झालेली बिजागरी ही झीज होय. फुटलेली काच, खिळे ठोकून उडालेला गिलावा हे नुकसान. गच्चीतून उतरलेली ओल मालकाने पाहायची. नळ उघडा राहून खालच्या मजल्यावर पाणी गेले, तर ते भाडेकरूने.

केंद्राने २०२१ साली राज्यांसाठी काढलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात कामांची वाटणी आहे. बांधकामाची दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप व वायरिंग मालकाकडे. नळ, वायसर, बेसिन, गिझर, स्विच, कुलुपे व काचा भाडेकरूकडे. हा केवळ नमुना असून राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक नाही. तरी ही यादी आपल्या करारास जोडता येते.

काय करावे

१. ताबा देताना खोलीवार यादी करावी. आधीची तडा गेलेली फरशीही लिहावी. तारखेसह फोटो काढावेत, मीटरचा आकडा नोंदवावा, दोघांनी सह्या कराव्यात.

२. घर सोडताना तीच यादी हाती घेऊन दोघांनी मिळून पाहणी करावी.

३. अनामतीतून कपात केल्यास कारागिराचे बिल द्यावे व उरलेली रक्कम लगेच परत करावी.

४. जुन्या वस्तूला नव्याची पूर्ण किंमत मागू नये. दहा वर्षे वापरलेल्या गिझरचा घसारा धरावा.

५. करारात मोठा दंड लिहून फारसा उपयोग नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देते. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा.

६. भरपाईसाठी वीज-पाणी तोडू नये, परस्पर कुलूप लावू नये. आधी लेखी नोटीस द्यावी; न जमल्यास वकिलाच्या सल्ल्याने दिवाणी दावा करावा.

यादीच्या दोन प्रती कराव्यात आणि एक भाडेकरूला द्यावी. फरशीचा तडा आधीचाच होता, हे त्यालाही दाखवता आले पाहिजे.